पट उधळणाऱ्या मुलाचं काय करायचं?

प्रश्न : ताई, माझा मुलगा चौदा वर्षांचा, नववीत आहे. पाचवीपासून बुद्धिबळाच्या क्लासला जातो, रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारा आकडा) साडेपंधराशेच्या आसपास आहे. मागच्या महिन्यात एका स्पर्धेत तिसऱ्या फेरीत तो नऊ वर्षांच्या पोराकडून हरला. हात मिळवला नाही, स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) सही केली नाही, आणि उठताना हातानं सगळे मोहरे लोटून दिले. त्या छोट्याची आई दाराशीच उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येईपर्यंत ह्यांनी गाडीत त्याला सोलून काढलं. तो एवढंच म्हणत होता, "तो टेबल हलवून राहिला होता." मग दिवाळीत अमरावतीहून नणंदेची मुलं आली, तर यानं कॅरमचा बोर्डच उलटा केला. सासूबाई म्हणतात, "लेकरू हाय, जिंकू द्या न त्याले." त्यांनी लहानपणापासून त्याला प्रत्येक डाव जिंकू दिला आहे. ह्यांचं म्हणणं, पुढच्या वर्षी दहावी, सगळं बंद करून टाका. जानेवारीतल्या स्पर्धेची नोंदणी झाली आहे, ती रद्द करू का? त्या मुलाची माफी मागायला लावू का? आणि हरणं शिकवतात तरी कसं?
— एक आई, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर :

ताई, नोंदणी रद्द करू नका. हे आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. हरला म्हणून खेळ काढून घेतला, तर मुलाच्या मनात एकच हिशेब पक्का होतो : हरलो की खेळ जातो. मग पुढच्या वेळी तो डाव वाचवायला जिवाच्या आकांतानं खेळेल आणि नाही वाचला तर याहून मोठा तमाशा करेल. दहावीचं दहावीच्या जागी बघा. ती काही या जानेवारीत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही विचारलंत, हरणं शिकवतात कसं. हरल्यावर मुलाला काय वाटावं, ते तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. शाळेत खेळ शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि "वाईट वाटून घेऊ नकोस" म्हटल्यावर ज्याला वाईट वाटायचं थांबलं असं पोर मी पाहिलं नाही. पण हरल्यावर हातांचं, तोंडाचं आणि पायांचं काय करायचं, हे शिकवता येतं. पोहणं शिकवतात तसंच, सराव करून. आपण उलटं करतो. मनाला उपदेश देत बसतो आणि हातांना काहीच शिकवत नाही.

तुमच्या मुलानं जून २०२५ मधली ती क्लिप नक्की पाहिली असणार. नॉर्वेतल्या स्पर्धेत मॅग्नस कार्लसन जिंकत आलेला डाव आपल्या भारताच्या गुकेशकडून हरला आणि त्यानं टेबलावर अशी मूठ आपटली की मोहरे उडाले. जगातला सगळ्यात वरच्या रेटिंगचा खेळाडू, चौतिशीचा माणूस, पाच वेळा जगज्जेता झालेला, आणि राग आवरला नाही. म्हणजे चौदा वर्षांच्या पोराला राग आला यात काही नवल नाही. पण ती क्लिप पुढेही बघा. मूठ आपटल्यावर काही क्षणांतच त्यानं हात पुढे केला, आणि जाताना गुकेशच्या पाठीवर थाप मारली. राग गेला होता म्हणून हात पुढे आला असं दिसत नाही. चेहरा तर भडकलेलाच होता. वर्षानुवर्षं हजारो डाव संपल्यावर तो हात पुढे गेलेला आहे, त्याला सवय आहे. मूठ आपटणं चुकलंच, तेही मुलाला सांगा. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या, एकाच मिनिटातल्या आहेत, हे त्याला दाखवा. मोठ्या माणसाच्या उपदेशापेक्षा ही क्लिप लवकर पटते.

तेव्हा सराव असा करा. घरी पट मांडा, पूर्ण डाव खेळू नका. त्याच्याकडे फक्त राजा आणि दोन प्यादी, तुमच्याकडे राजा, वजीर आणि हत्ती, अशी सरळसरळ हरलेली स्थिती लावा. चार-पाच चाली खेळा आणि त्याला डाव सोडायला सांगा. डाव सोडायचा म्हणजे क्रमानं : घड्याळ थांबवायचं, समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून हात पुढे करायचा, स्कोअरशीटवर सही करायची आणि समोरच्याची घ्यायची, मोहरे पुन्हा जागेवर मांडायचे, खुर्ची आत सरकवून हॉलबाहेर पडायचं, पाणी प्यायचं. पाणी प्यायल्यावर रडायचं असेल तर रडायचं, भिंतीला डोकं टेकून उभं राहायचं असेल तर राहायचं. तिथपर्यंतचा प्रत्येक टप्पा मात्र ठरलेला. पहिल्या दोन वेळा तो हसेल, "काय पागलपणा आहे" म्हणेल. हसू द्या. ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, जशी पाठ करतो तशी ही पाठ व्हायला हवी, कारण खऱ्या डावात हरल्यावर डोकं चालत नाही. या वयात तर नाहीच : राग, उत्साह, लाज यांचा मेंदूतला कारभार जोरात सुरू झालेला असतो, आणि त्यांना लगाम घालणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते. अशा वेळी पाठ केलेलंच कामी येतं.

एक सूचना. "छान खेळलास" असं म्हणायची सक्ती करू नका. मनात नसताना ते दात-ओठ खात बाहेर पडतं आणि समोरच्यालाही कळतं. हात मिळवला, सही केली, पुरे. पुढे कधी तरी तो आपणहून त्या छोट्याला विचारेल, "तू घोडा तिथं आणलास तेव्हा काय बघितलं होतंस?" बुद्धिबळातली ही रीत मला फार आवडते. डाव संपल्यावर दोघं मिळून तो पुन्हा उलगडतात, आणि हरलेल्याला जिंकलेल्याच्या डोक्यात डोकावता येतं. दुसऱ्या फार थोड्या खेळांत हे इतकं सहज होतं. पण ती वरची पायरी आहे, त्याला घाईनं तिथं चढवू नका.

आता गाडीतल्या प्रवासाचं. ताई, हे जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका, आणि यजमानांनाही वाचायला द्या. ते गाडीत चिडले ते मुलगा हरला म्हणून की त्या छोट्याच्या आईनं बघितलं म्हणून? तुमच्या पत्रातच उत्तर आहे. तुम्हालाही मेल्याहून मेल्यासारखं झालं ते दाराशी उभ्या असलेल्या बाईंमुळे. ही लाज खोटी नाही, पण ती तुमची आहे, आणि ती मुलाच्या हरण्याच्या ओझ्यावर आणखी ठेवली की तो ती उचलू शकत नाही. म्हणून घरचा नियम करा : डाव संपल्यापासून घरी पोचेपर्यंत डावाबद्दल मोठ्यांनी अवाक्षर काढायचं नाही. त्यानं विषय काढला तर ऐकायचं, "हं" म्हणायचं. वाटेत तर्री पोहे मिळतात, ते खाऊ घाला. मोहरे लोटल्याची बोलणी दुसऱ्या दिवशी, सकाळी, पोट भरल्यावर. आणि तेव्हाही बोलणी वागण्याची, हरण्याची नाही. "हरलास कसा?" आणि "मोहरे का लोटलेस?" हे दोन प्रश्न एकाच श्वासात विचारले, तर त्याला पहिलाच ऐकू येतो.

"तो टेबल हलवून राहिला होता" याचंही बघायला हवं. ही पळवाट तो शिकला कुठून? भारताची मॅच हरल्यावर तुमच्या दिवाणखान्यात काय बोललं जातं ते आठवा. पिच खराब होतं, टॉस गेला, अंपायरनं ढापलं. आमच्या घरीही हेच चालतं, मी कुणाला नावं ठेवत नाहीये. पण मुलानं आपलीच भाषा आपल्याला परत दिली की आपल्याला ती कारणं वाटत नाहीत, बहाणे वाटतात. यजमानांनी पुढच्या हरलेल्या मॅचनंतर एवढंच म्हणून बघावं, "आज ते चांगलं खेळले." मुलगा मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला असला तरी ऐकतो. आणि टेबल खरंच हलत असलं, तर त्यावरही खेळात उपाय आहे : घड्याळ थांबवून हात वर करायचा, पंचाला बोलवायचं, तेव्हाच. डाव संपल्यावर टेबल हलत नसतं.

आता तो इतका का पेटला, हे बुद्धिबळ न खेळणाऱ्या आईवडिलांना कळत नाही, म्हणून आकड्यांत सांगते. अठरा वर्षांखालच्या मुलांचं रेटिंग, ते २३०० च्या खाली असेल तर, ४० च्या गुणकानं वर-खाली होतं. त्याचे १५५०, समोरच्याचे १४०० धरा. दीडशेचा फरक असला की नियमाप्रमाणे त्याच्याकडून दहातल्या सात गुणांची अपेक्षा धरली जाते. हरला की त्या सातदशांशाला ४० नं गुणायचं, २८ गुण गेले. एका सकाळी. आणि जिंकला असता तर उरलेल्या तीनदशांशाचे मिळाले असते फक्त १२. म्हणजे छोट्याशी खेळताना मिळवायला थोडं आणि घालवायला खूप, हे त्याला डाव सुरू व्हायच्या आधीपासून माहीत होतं. शिवाय वाढत्या वयातल्या पोराचं रेटिंग म्हणजे मागच्या वर्षी शिवलेला गणवेश असतो. पोर केव्हाच उंच झालेलं असतं, बाह्या आखूड पडलेल्या असतात, पण कागदावर माप जुनंच. तो नऊ वर्षांचा मुलगा १४०० चा नसणारच. तुमच्या मुलाला हे कुणी नीट समजावून सांगितलं आहे का? रेटिंगचा आकडा कमी दिसला म्हणून समोरचा कच्चा, असं धरून तो बसला, आणि मग फसवणूक झाल्यासारखा उठला. हे समजलं की अर्धी लाज जाते. उरलेल्या अर्ध्यावर उपाय नाही, लहान मुलाकडून हरणं लागतंच.

(या आकडेमोडीचा एक तोटाही सांगून ठेवते. काही वडील गाडीतच मोबाईल काढून "अठ्ठावीस गेले तुझे" असा हिशेब मांडतात. कृपा करा, रेटिंगची यादी महिन्यातून एकदा येते, तोवर दम धरा.)

सासूबाईंकडे येऊ. त्यांच्यावर खापर फोडू नका. पाच वर्षांच्या नातवाला कॅरममध्ये जिंकू देणारी आजी सगळ्या घरांत असते, आणि असावी. अडचण एवढीच झाली की तो चौदाचा झाला तरी ते थांबलं नाही, आणि ते चोरून चालू राहिलं. मुलं खुळी नसतात. आजी मुद्दाम राणी सोडते आहे हे त्याला आठव्या वर्षीच कळलं असणार. तेव्हापासून जिंकण्यालाही चव राहिली नाही, आणि हरण्याचा सराव तर कधी झालाच नाही. सूट द्यायची असेल तर उघड द्या. कॅरममध्ये आधीच सांगा, "तुझ्या दोन सोंगट्या काढून ठेव, तू सातावर खेळ, आम्ही नऊवर." बुद्धिबळात बाबांना पंधरा मिनिटं, मुलाला पाच. किंवा उलटं, जो वरचढ असेल त्याला अडचण. मग दोन्हीकडे जोर लावून खेळायचं, कुणी कुणाला सोडायचं नाही. उघड दिलेल्या सवलतीत अपमान नसतो, कारण ती डाव मांडतानाच ठरलेली असते. आणि अशा डावात तो अर्ध्याहून जास्त वेळा हरायला हवा. हो, मुद्दामच. स्पर्धेत हरण्याची किंमत फार असते, घरच्या कॅरमवर ती पावडरीएवढी असते. हरायची सवय जिथं स्वस्तात होते तिथंच करून घ्यावी.

बोर्ड उलटला तर? आरडाओरडा नको. नियम आधीच सांगितलेला असावा : उलटणाऱ्यानं सोंगट्या गोळा करायच्या, कपाटाखाली गेलेलीसुद्धा. तो डाव तो हरला. पुढचा एक डाव बाहेर बसून बघायचा. मग पुन्हा आत. कायमचं बाहेर काढणं हा तुमचा शेवटचा हुकूम आहे, तो कॅरमवर वाया घालवू नका.

त्याला घरात काय म्हणता तेही तपासा. "आमचा ग्रँडमास्टर", "आमचा हुशार" असं काही चालतं का? १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले. कोडी सोडवल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. नंतर मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अपयश चाखवलं. हुशार म्हटलेली मुलं लवकर कंटाळली, त्यांची पुढची कामगिरीही घसरली, आणि आपले गुण दुसऱ्यांना सांगताना त्यांच्यातली बरीच खोटंही बोलली. कारण सरळ आहे : हुशारी हीच माझी ओळख, तर हरलो म्हणजे मीच गेलो. तुमचा मुलगा पट उधळतो तेव्हा बहुधा तो डाव नाकारत असतो, झालाच नाही असं करू बघत असतो. त्याला ग्रँडमास्टर म्हणणं सोडा. नावानं हाक मारा.

नागपुरात बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रत्येक पोराला आता एकच वाक्य ऐकवतात : दिव्यासारखं हो. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली, वय १९, आपल्याच शहराची पोर. अभिमान आहेच. पण मुलाला एकदा त्या टेबलाच्या दुसऱ्या खुर्चीकडेही बघायला सांगा. तिथं कोनेरू हंपी होती. ती २००२ साली ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. म्हणजे आपल्या निम्म्या वयाच्या, आपल्याच देशाच्या मुलीकडून, सगळं जग बघत असताना, अंतिम सामन्यात ती हरली. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांत लागला. तुमचा मुलगा नऊ वर्षांच्या पोराकडून हरला त्यापेक्षा हे किती तरी जड. हंपीनं पट उधळला नाही. एवढंच सांगा आणि गप्प बसा. तात्पर्य काढून दिलंत की मुलगा खोलीत निघून जाईल.

आणि "आज हरलास, उद्या जिंकशील" हे सुद्धा म्हणू नका. तुम्हाला काय माहीत? विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतो आहे. पहिला करंडक हाती आला १ जानेवारी २०१८ ला, इंदूरला, दिल्लीला हरवून. मधली साठ वर्षं? त्या साठ वर्षांत जी माणसं खेळली त्यांतल्या बहुतेकांना करंडक मिळालाच नाही, निवृत्त होऊन गेली. हिवाळ्यात मैदानावर यायची, मार खायची, पुन्हा यायची. आपल्या लोकांना २०१८ चाच फोटो आठवतो. मला विचाराल तर हरणं शिकायला ती साठ वर्षं बरी. आता मुलांना सांगायला सोपी गोष्ट म्हणून लोक दुसरीच निवडतात : मार्च २०२४ ला वानखेडेवर अंतिम सामन्यात मुंबईकडून १६९ धावांनी हार, आणि पुढच्याच मोसमात त्याच मुंबईला नागपुरातल्या जामठ्याच्या मैदानावर उपांत्य सामन्यात हरवून पुढे करंडक. खरी आहे, छानही आहे. पण ती ऐकून मुलगा म्हणणार, "म्हणजे मी पुढच्या स्पर्धेत त्या छोट्याला हरवायलाच पाहिजे." आपल्याला त्याच्या डोक्यात हे भरवायचं नाहीये.

माफीबद्दल. मागायलाच हवी, पण घासाघीस करून नाही. बुद्धिबळात याचा एक गाजलेला किस्सा आहे. जानेवारी २००८, नेदरलँड्समधलं वाइक आन झी. बल्गेरियाच्या इवान चेपारिनोव्हनं डाव सुरू होण्याआधी इंग्लंडच्या नायजेल शॉर्टशी हात मिळवायला नकार दिला, एकदा नाही, दोनदा. पंचांनी त्याला तिथंच हरलेला जाहीर केलं. मग अपील झालं, त्यानं माफी मागितली, आणि डाव पुन्हा खेळवला गेला. शॉर्टच जिंकला. तुमच्या मुलाला हा किस्सा आवडेल, विशेषतः माफी मागूनही चेपारिनोव्ह हरलाच हा भाग. माफीनं काही परत मिळत नाही, ती फक्त आपल्याकडची थकबाकी असते.

त्याला विचारा, कशी मागणार? चिठ्ठी लिहायची तर दोन ओळी, क्लासच्या सरांमार्फत त्या मुलापर्यंत जाऊ द्या. शब्द त्याचेच असू द्या, तुम्ही शुद्धलेखनसुद्धा तपासू नका. आणि पंचांना विसरू नका. सही न करता उठणं हे त्यांच्या कामात खोडा घालणं होतं, जानेवारीत ते भेटले तर एक वाक्य तिथंही. तुम्ही दोघांनी मात्र त्याच्या वतीनं त्या आईंना फोन करून माफी मागत बसू नका. मग ती माफी तुमच्या लाजेची होते, त्याच्या वागण्याची नाही. दिवाळीतल्या भाचरांचं सोपं आहे, संक्रांतीला भेट होईलच.

संक्रांतीवरून आठवलं. बाप-लेकानं या वर्षी गच्चीवर जावं. साधा मांजा घेऊन, नायलॉनचा नाही, त्यानं माणसांचे आणि पाखरांचे गळे कापले जातात आणि त्याच्यावर बंदीही आहे. नागपुरात त्या दिवशी कुणाचाच पतंग दुपारपर्यंत टिकत नाही. शेजारच्या गच्चीवरून "ओ काट!" ऐकू आलं की आपली चक्री गुंडाळायची, नवा पतंग बांधायचा, ढील द्यायची. दिवसभरात माणूस इतक्यांदा कटतो की तोंड पाडून बसायला उसंत मिळत नाही. आणि वडिलांचाही पतंग कटतो, हे मुलाला समोर दिसतं. बाबा हरल्यावर काय करतात हे त्यानं एरवी फारसं पाहिलेलं नसणार. यजमान ऑफिसात हरत असतील, त्यांची बढती हुकत असेल, पण ते घरी सांगत नाहीत. गच्चीवर लपवता येत नाही. तिथंच तो जिंकताना कसा वागतो तेही बघून ठेवा. दुसऱ्याचा पतंग कापल्यावर ओरडायचंच, सणच तो आहे. पण कापलेला शेजारी लहान असेल तर खिजवायचं किती, याचा अंदाज त्याला यायला हवा. जिंकल्यावर जो फार खिजवतो त्याला हरणं फार बोचतं, कारण समोरचा आता आपल्याला तसंच करणार, हे त्याला ठाऊक असतं.

ऑनलाइन बुद्धिबळाबद्दल एकच. रात्री एकेका मिनिटाचे डाव खेळत, हरला की लगेच पुढचा, हरला की लगेच पुढचा, असं चालत असेल तर सलग तीन हरले की फोन खाली, हा नियम त्याच्याकडूनच ठरवून घ्या. तिथं हात मिळवायचा नसतो, सही नसते, समोर माणूसही नसतो, तेव्हा शिकण्यासारखंही फार नसतं.

हे सगळं करून साताठ महिन्यांत फरक पडेल, आठवड्यात नाही. मधे एखाद वेळी पुन्हा तमाशा होईल, होऊ द्या. काळजी कधी करायची तेही सांगते : हरल्यावर दोन-तीन दिवस जेवत नाही, झोपत नाही, स्वतःला मारून घेतो, "माझा काही उपयोग नाही", "मी नसलेलाच बरा" असं बोलतो, शाळेतून आणि मित्रांतूनही अंग काढतो. यातलं काही दिसलं तर तो खेळाचा प्रश्न राहत नाही. शाळेतल्या समुपदेशकांना भेटा, डॉक्टरांना दाखवा, किंवा टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोला, तिथं मराठीतही बोलता येतं. तुमच्या पत्रावरून तसं काही वाटत नाही, पण लिहून ठेवलं.

राहता राहिलं, जानेवारीत त्याच्याबरोबर कोण जाणार. यजमान नकोत, निदान या खेपेला. तुम्हीही नको, तुमचं लक्ष इतर आयांच्या चेहऱ्याकडे राहील. माझं मत विचाराल तर सासूबाईंना पाठवा. त्यांना रेटिंग कळत नाही, कुठली फेरी चालू आहे ते कळत नाही, त्या डबा घेऊन हॉलबाहेर बसतील आणि पोरगा बाहेर आला की जिंकलास का विचारण्याआधी जेवलास का विचारतील. फक्त "त्या पोट्ट्यानंच काही तरी केलं असंल" असं म्हणायचं नाही, एवढं निघताना त्यांना बजावून ठेवा.